उशिराचा हिशेब : रेडिओ-नियंत्रित घड्याळ आणि त्याचा रिसीव्हर

दूरच्या प्रयोगशाळेतील अणुघड्याळाची वेळ रेडिओलहरींवरून ऐकून तिच्याशी स्वतःला ठरावीक काळाने जुळवून घेणाऱ्या घड्याळाला रेडिओ-नियंत्रित घड्याळ म्हणतात. त्याच्या पोटात नेहमीचे क्वार्ट्झ घड्याळच असते आणि दोन जुळवण्यांच्या मधल्या काळात काटे त्याच्याच भरवशावर फिरतात, म्हणून या विषयाची सुरुवात क्वार्ट्झपासून करणे योग्य ठरते. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा चिमुकला स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाला आपल्या नेमक्या गतीने चालतो; तापमान त्याहून वर गेले काय किंवा खाली आले काय, तो मंदच होतो, आणि हा मंदपणा तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पनवेल तालुक्यात खाडीलगत सिडकोने वसवलेल्या उलवे येथील एखाद्या पश्चिमाभिमुख भिंतीवरचे घड्याळ मे महिन्यात ३५ अंशांच्या आसपास राहिले, तर केवळ उष्णतेपोटी ते दर दहा लाख सेकंदांमागे सुमारे ३.४ सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे ०.३ सेकंद आणि महिन्याला नऊ सेकंद मागे पडते. स्फटिक घडवताना राहिलेली मूळची चूक यात वेगळी मिळवावी लागते.

ही चूक रोज रात्री पुसून टाकण्याची सोय जगातील काही देशांनी दीर्घलहरींच्या केंद्रांमार्फत केली आहे. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेन येथून ‘डीसीएफ ७७’ हे केंद्र ७७.५ किलोहर्ट्झ वारंवारतेवर ५० किलोवॉट शक्तीने वेळ पाठवते. ब्रिटनचे ‘एमएसएफ’ केंद्र २००७ पासून अँथॉर्न येथून ६० किलोहर्ट्झवर चालते. अमेरिकेत कोलोराडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथील ‘डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी’, जपानची ४० आणि ६० किलोहर्ट्झवरील दोन केंद्रे आणि चीनमधील शांगचिऊ येथील ६८.५ किलोहर्ट्झवरील केंद्र ही त्याच कुळातील. जर्मनीच्या युंगहान्स कंपनीने १९९० मध्ये असा रिसीव्हर मनगटी घड्याळात बसवला तेव्हा त्याचा अँटेना पट्ट्यात ठेवावा लागला होता. आज तो घड्याळाच्या पेटीतच मावतो.

भारतात असे दीर्घलहरी केंद्र नाही, आणि परदेशातील केंद्रे भारतापर्यंत उपयोगी पडत नाहीत. माइनफ्लिंगेनचा संकेत सुमारे दोन हजार किलोमीटरपर्यंत भरवशाने मिळतो, तर उलवे तेथून साडेसहा हजार किलोमीटरांवर आहे. शांगचिऊसुद्धा साडेचार हजार किलोमीटरांवर पडते. म्हणून जर्मनीहून किंवा अमेरिकेहून नातेवाइकांनी कौतुकाने आणलेले ‘अ‍ॅटॉमिक’ भिंतघड्याळ उलव्याच्या सदनिकेत लावले, तर ते रोज रात्री संकेत शोधते, तो न सापडल्याने शोध सोडून देते आणि साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखे चालत राहते. शिवाय अशा अनेक घड्याळांत कालपट्टा पूर्ण तासांनीच बदलता येत असल्यामुळे साडेपाच तासांच्या फरकाची भारतीय वेळ त्यांना संकेत मिळूनही दाखवता आली नसती. तरीही या दीर्घलहरी रिसीव्हरची रचना बारकाईने समजून घेण्याजोगी आहे, कारण वेळ ऐकणाऱ्या प्रत्येक यंत्रापुढचा मूळ प्रश्न तिच्यात उघडपणे दिसतो.

७७.५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ ३.९ किलोमीटर असते, आणि घड्याळातील अँटेना असतो बोटाएवढा. हे शक्य होते ते फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कांडीमुळे. लहरीतील चुंबकीय क्षेत्र ही कांडी आपल्यात एकवटते, तिच्याभोवती गुंडाळलेल्या तारेत त्यामुळे अत्यंत क्षीण विद्युतदाब उपजतो, आणि तारेला जोडलेला संधारित्र, म्हणजे कपॅसिटर, त्या वेटोळ्याला नेमक्या वारंवारतेवर अनुनादी करतो. कांडीची बाजू प्रक्षेपकाकडे असेल तर संकेत सर्वाधिक मिळतो आणि तिचे टोक प्रक्षेपकाकडे असेल तर जवळजवळ नाहीसा होतो. काँक्रीटमधील सळयांच्या जाळ्यामुळे संकेत आणखी घटतो. म्हणूनच असे घड्याळ खिडकीजवळ ठेवण्याची सूचना माहितीपत्रकात असते. गोंगाटाचे म्हणाल, तर तो घरातच तयार होतो. मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिव्यांचे विद्युतपुरवठे ज्या वारंवारतांवर चालू-बंद होत असतात, त्या याच पट्ट्याच्या आसपास असतात, आणि जुन्या पद्धतीच्या चित्रनलिकेच्या दूरदर्शन संचात तर १५.६२५ किलोहर्ट्झवर होणाऱ्या रेषांकनाची पाचवी पट ७८.१२५ किलोहर्ट्झ, म्हणजे डीसीएफच्या अगदी शेजारी येई.

विजेच्या वापरामुळे सूक्ष्म मोजमाप बिघडण्याचा हा अनुभव मुंबई-रायगडच्या परिसराला शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. खगोलनिरीक्षण आणि कालमापन यांसाठी १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत पुढे भूचुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरल्यावर त्या मोजमापांसाठी खाडीपलीकडे अलिबाग येथे १९०४ मध्ये नवी वेधशाळा उभारावी लागली. वेधशाळेला गाव बदलता आले. घराघरात लावायच्या घड्याळाला ते शक्य नसल्यामुळे गोंगाट सहन करण्याची जबाबदारी रिसीव्हरच्या रचनेवर येते.

ती पार पाडण्याचा मार्ग म्हणजे अरुंद गाळणी. अँटेनातून आलेला संकेत वाढवल्यावर तो ७७.५ किलोहर्ट्झलाच कंप पावणाऱ्या एका क्वार्ट्झ स्फटिकातून जाऊ दिला जातो, आणि हा स्फटिक जेमतेम दहा हर्ट्झ रुंदीचा पट्टा सोडून बाकी सर्व अडवतो. गोंगाट साऱ्या वारंवारतांवर पसरलेला असल्यामुळे पट्टा जितका अरुंद तितका गोंगाट कमी आत येतो आणि तितका दुबळा संकेतही ओळखता येतो. आता हा संकेत वेळ कशी सांगतो ते पाहू. डीसीएफचे केंद्र प्रत्येक सेकंदाच्या प्रारंभी आपल्या वाहक लहरीची उंची सुमारे १५ टक्क्यांपर्यंत खाली आणते. ही घट ०.१ सेकंद टिकली तर तिचा अर्थ शून्य, ०.२ सेकंद टिकली तर एक. म्हणजे सेकंदाचा नेमका आरंभ त्या घटीच्या उभ्या कडेत दडलेला असतो, आणि अरुंद गाळणी नेमकी तीच कड बोथट करून टाकते. जड झोपाळा पहिल्याच ढकलीत पूर्ण हेलकावा घेत नाही आणि ढकलणे थांबवताच जागच्या जागी थांबतही नाही. अनुनादी स्फटिकाचे वागणे तसेच असते. दहा हर्ट्झच्या गाळणीतून उभी कड बाहेर पडते ती सुमारे ७० मिलिसेकंद लांबीचा उतार होऊन. ऐकू येण्याची क्षमता वाढवावी तर क्षणाचा नेमकेपणा जातो, नेमकेपणा धरावा तर दूरचा संकेत गोंगाटात बुडतो. घरगुती घड्याळांच्या रचनाकारांनी यातला पहिला पर्याय डोळसपणे निवडला, कारण भिंतीवरच्या घड्याळात दशांश सेकंदाची चूक कोणाच्याही लक्षात येत नाही, मात्र संकेतच न मिळणे लगेच लक्षात येते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. गाळणीमुळे होणारा उशीर कायम एकसारखाच असता, तर तो एकदा मोजून वजा करता आला असता आणि अचूकतेला काहीच बाधा आली नसती. अडचण येते ती उशीर बदलत राहिल्यामुळे. उतरत्या संकेताने ठरावीक पातळी ओलांडली की तुलनाकारक मंडल ‘सेकंद सुरू झाला’ असे ठरवते. संकेत जोरकस असेल तर ती पातळी एका ठिकाणी ओलांडली जाते, दुबळा असेल तर दुसऱ्या, आणि वर स्वार झालेला गोंगाट प्रत्येक वेळी तो क्षण थोडा अलीकडे-पलीकडे ढकलतो. संकेताच्या जोरानुसार वर्धन आपोआप कमी-जास्त करणारे मंडल आणि अनेक सेकंदांच्या कडांची सरासरी हे त्यावरचे उपाय होत. माइनफ्लिंगेनहून १९८३ पासून आणखी एक उपाय प्रसारित होतो: वाहक लहरीच्या कलेत, म्हणजे तिच्या चढउतारांच्या क्षणांत, यादृच्छिक भासणारी परंतु आधीच ठरलेली ५१२ घटकांची माळ गुंफलेली असते. रिसीव्हर तीच माळ स्वतःकडे तयार करून आलेल्या संकेतावर सरकवून पाहतो. दोन्ही माळा तंतोतंत जुळतात तो क्षण साध्या कडेपेक्षा कितीतरी अधिक नेमका, मायक्रोसेकंदांच्या घरात, सापडतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

सेकंदाचा आरंभ सापडला तरी तो कोणता सेकंद हे कळायचे राहते. त्यासाठी मिनिटभरातील ५९ शून्य-एकांमध्ये येणाऱ्या मिनिटाची वेळ आणि तारीख सांकेतिक रूपात भरलेली असते, आणि शेवटच्या सेकंदाला मुद्दाम घट न केल्यामुळे मिनिटाची सीमा ओळखता येते. मिनिट, तास आणि तारीख या तिन्हींच्या शेवटी एकेक ताळ्याचा अंक असतो. एखादा अंक चुकीचा ऐकला गेला तर ताळा बिघडतो. दोन अंक एकाच वेळी चुकले तर मात्र ताळा बरोबरच दिसतो, म्हणून चांगले घड्याळ लागोपाठच्या दोन-तीन मिनिटांचे वाचन परस्परांशी जुळल्याखेरीज काटे हलवत नाही. चुकीची वेळ ठामपणे दाखवण्यापेक्षा जुनी वेळ चालू ठेवणे बरे, हा त्यामागचा विचार आहे.

भारतात वेळेचे प्रसारण झालेच नाही असे नाही. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने ‘एटीए’ या संकेतनामाने ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झच्या लघुलहरींवर वेळेचे ठोके पाठवले, पुढे इन्सॅट उपग्रहावरूनही वेळ प्रसारित झाली, आणि आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीच्या ‘टूं टूं’वर घड्याळ लावणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. लघुलहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन येतात. तो थर दिवसभर वरखाली होत असल्यामुळे लहरींचा मार्ग आणि त्यासोबत उशीर बदलत राहतो. आज तर तेच ठोके डीटीएचवर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवर ऐकले तर संकेत अंकीय रूपात बांधण्यात, साठवण्यात आणि उलगडण्यात काही सेकंद गेलेले असतात, आणि किती गेले हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

दीर्घलहरींचा टप्पा वगळून भारत थेट उपग्रहांकडे आला, त्यामुळे उलव्याच्या संदर्भात रेडिओ-नियंत्रित घड्याळ म्हणजे व्यवहारात उपग्रह-घड्याळ. भारतीय रेल्वेच्या स्थानकांवर वापरली जाणारी जीपीएस घड्याळे याच जातीची. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर वेळ पाठवतात आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत तो संकेत रिसीव्हरच्या स्वतःच्या औष्णिक गोंगाटापेक्षाही क्षीण झालेला असतो. तो सापडतो तो वर सांगितलेल्या माळेच्या जुळवणीनेच. संकेताला यायला ६७ ते ८६ मिलिसेकंद लागतात. नेमका उशीर काढायचा तर रिसीव्हरला स्वतःचे स्थान माहीत हवे, आणि स्थानाचे तीन अज्ञात आकडे व वेळेचा एक असे चार अज्ञात सोडवण्यासाठी चार उपग्रह लागतात. घड्याळ मात्र जागचे हलत नाही. म्हणून वेळेसाठी खास बनवलेला रिसीव्हर सुरुवातीला बराच काळ मोजमाप करून आपले स्थान कायम करतो, आणि त्यानंतर एकच उपग्रह दिसत असला तरी वेळ धरून ठेवतो.

या पातळीवर हिशेब नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा होतो, आणि एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. छतावरील अँटेनापासून खाली यंत्रापर्यंत आलेली समाक्ष तार, म्हणजे कोअ‍ॅक्सियल केबल, दर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद खाते. ती ४० मीटर असेल तर २०० नॅनोसेकंद गेले. ही चूक मोठी असली तरी निरुपद्रवी असते, कारण तारेची लांबी मोजून आकडा एकदा भरला की काम झाले. शेजारच्या इमारतीवरून परावर्तित होऊन आलेला संकेत अधिक त्रासाचा: ३० मीटर लांबून आलेली लहर १०० नॅनोसेकंद उशिरा येते, उपग्रह सरकतो तसा हा फरक बदलतो, आणि दहा-बारा मजल्यांच्या इमारतींमध्ये वसलेल्या उपनगरात असे परावर्तन सर्वत्र असते. आयनांबरामुळे होणारा उशीर भारतात विशेष मोठा असतो, कारण चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना असलेल्या त्याच्या दाट पट्ट्यांपैकी उत्तरेकडचा या देशावरून जातो.

भारताची स्वतःची ‘नाविक’ उपग्रहप्रणाली या दोन्ही अडचणी ध्यानात ठेवून आखलेली आहे, आणि तिचे हे गुण जनतेपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाहीत. तिचे सातही उपग्रह पृथ्वीच्या गतीशी मेळ राखणाऱ्या, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीच्या कक्षांसाठी योजलेले असल्यामुळे भारतातून ते आकाशात बरेच उंचावर दिसतात आणि इमारतींचा अडथळा कमी होतो. तसेच ती ११७६.४५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारता वापरते. आयनांबरातील उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे दोन वारंवारतांच्या पोहोचण्यातील फरकावरून तो थेट काढता येतो. प्रणालीला फटका बसला तो घड्याळांचाच: २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही आयात रुबिडियम अणुघड्याळे बंद पडली आणि इतर काही उपग्रहांतही तसेच झाले. मे २०२३ मध्ये सोडलेल्या ‘एनव्हीएस-०१’ या उपग्रहात प्रथमच भारतीय बनावटीचे रुबिडियम घड्याळ आहे. जानेवारी २०२५ मधील ‘एनव्हीएस-०२’ मात्र आपल्या नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.

उपग्रह-रिसीव्हरच्या काही चुका लहरींशी संबंध नसलेल्या, निव्वळ मोजदादीच्या असतात. जागतिक वेळेत अधूनमधून मिळवला जाणारा लीप सेकंद जीपीएसची वेळ मानत नाही, त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून ती जागतिक समन्वित वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक सांगणारा संदेश दर साडेबारा मिनिटांनी येतो, आणि तो येईपर्यंत नव्याने चालू केलेले साधे घड्याळ १८ सेकंद पुढची वेळ दाखवू शकते. आठवड्यांची मूळ मोजणीही १,०२४ वर पोहोचली की पुन्हा शून्यावर येते. ती ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तशी आली तेव्हा तयारी नसलेल्या रिसीव्हरांनी जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवली. सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागापर्यंत नेमके असलेले यंत्र दशकांनी चुकू शकते, हे खरेदी करणाऱ्याने विसरू नये.

उलव्याला या साऱ्याचे महत्त्व आता पूर्वीपेक्षा अधिक आहे. उलवे टेकडी फोडून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरला तेथून प्रवासी विमाने उडू लागली. हवाई वाहतूक नियंत्रणातील घड्याळांनी जागतिक समन्वित वेळेपासून ३० सेकंदांहून अधिक ढळू नये, आणि विमानाशी अंकीय संदेशांची देवाणघेवाण होत असेल तेथे एका सेकंदाहून अधिक ढळू नये, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दंडक आहे. ही अपेक्षा सौम्य वाटते. परंतु विमानाचा संकेत अनेक ठिकाणी पोहोचण्याच्या क्षणांतील फरकावरून त्याचे स्थान काढणाऱ्या प्रणालींना नॅनोसेकंद लागतात, आणि शेजारच्या इमारतींवरील फाइव्ह-जी मनोऱ्यांना सामाईक संदर्भवेळेशी दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेले राहावे लागते.

संकेत गेला तर काय, हा प्रश्न म्हणून टाळता येत नाही. इतका क्षीण संकेत खिशात मावणाऱ्या अवैध यंत्रानेही दडपता येतो. अमेरिकेतील न्यूअर्क विमानतळाजवळ एका वाहनचालकाने स्वतःचा माग लपवण्यासाठी बाळगलेल्या अशाच यंत्रामुळे विमानांना उतरण्यास साहाय्य करणारी प्रणाली विस्कळीत झाली होती. अशा वेळी घड्याळ आपल्या आतील आंदोलकावर तग धरते, आणि त्याची खरी किंमत तेव्हा कळते. तापमानाची भरपाई करणारा चांगला क्वार्ट्झ दिवसात काही दशक मिलिसेकंद चुकतो, कायम तापवलेल्या छोट्या कोठडीत ठेवलेला क्वार्ट्झ दहा मायक्रोसेकंदांच्या आसपास, आणि रुबिडियम सुमारे एक मायक्रोसेकंद. म्हणजे आकाश गप्प झाल्यावर फाइव्ह-जीचा मनोरा पहिल्या प्रकारच्या आंदोलकावर काही सेकंदच काढू शकतो, दुसऱ्यावर काही तास, तिसऱ्यावर दिवसभर. घड्याळाच्या निविदेत बहुधा ठळकपणे छापली जाते ती संकेत मिळत असतानाची अचूकता. संकेत नसतानाच्या या आकड्याला तेवढीच ठळक जागा मिळायला हवी.

मुंबई परिसराने वेळेचा दुजाभाव दीर्घकाळ पाहिला आहे. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ देशाची प्रमाणवेळ झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहराने स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जपली. उलव्याचा सूर्यही प्रमाणवेळेपेक्षा सरासरी ३८ मिनिटे मागेच चालतो. आजचा दुजाभाव मिलिसेकंदांचा आहे, कारण वेगवेगळ्या यंत्रणा वेगवेगळ्या परदेशी स्रोतांवरून वेळ घेतात. तो मिटवण्यासाठी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडलेली अणुघड्याळे अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील मापन प्रयोगशाळांत बसवण्याची योजना केंद्र सरकारने आखली, आणि सर्व व्यवहारांत भारतीय प्रमाणवेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. हे वितरण तारांतून आणि संगणकजाळ्यातून व्हायचे आहे. जाळ्यावरून वेळ मागणारे यंत्र प्रश्न जाण्यास आणि उत्तर येण्यास सारखाच वेळ लागला असे गृहीत धरते, आणि ते गृहीतक जेवढे खोटे तेवढी चूक उरते.

हवेतून येणारी, उपग्रहांवर न विसंबणारी आणि शंभर-दोनशे रुपयांच्या रिसीव्हरला समजणारी वेळ यात अजूनही नाही, आणि दीर्घलहरी केंद्राचा विचार त्यासाठी पुन्हा व्हायला हवा. जागा नकाशावर सहज सापडते: नागपूरपासून लेह आणि कन्याकुमारी ही दोन्ही टोके जवळजवळ सारखीच, सुमारे १,४५० किलोमीटर दूर आहेत, म्हणजे माइनफ्लिंगेनच्या भरवशाच्या पल्ल्यात बसणारी. तेथून निघालेला ठोका उलव्याला सुमारे २.३ मिलिसेकंदांत आणि त्या दोन टोकांना ४.८ मिलिसेकंदांत पोहोचेल, आणि दीर्घलहर जमिनीलगत येते तेथपर्यंत हा उशीर इतका स्थिर असतो की तो एकदाच मोजून रिसीव्हरमध्ये भरता येतो. खरी कसोटी विजांची आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसातील विजा याच पट्ट्यात शेकडो किलोमीटरपर्यंत ऐकू येणारा गोंगाट करतात, आणि उष्ण कटिबंधात तो युरोपपेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणून केंद्राची शक्ती ५० किलोवॉटच्या किती पट असावी आणि रिसीव्हरने किती मिनिटांची सरासरी धरावी, हे जर्मनीच्या आकड्यांवरून न ठरवता विदर्भात आणि कोकणात मे-जून व सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत प्रत्यक्ष मोजमाप करूनच ठरवावे लागेल.